नैराश्य, वस्ती आणि कार्यकर्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चळवळीच्या अभ्यासवर्गांत महागाई, जमीन, वेतन, घरे, जातिभेद हे विषय नेहमी येतात. नैराश्य हा विषय सहसा येत नाही. तो डॉक्टरांचा किंवा फार तर ज्याच्या त्याच्या कुटुंबाचा विषय मानला जातो. पण वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला अशी माणसे भेटत असतात. कोणी महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाही, कोणी चूल पेटवायलाही उठत नाही, कोणी युनियनच्या सभेला येणे एकाएकी बंद करतो. त्यांच्याविषयी ‘तो ढिला पडला’ किंवा ‘तिच्या अंगातच आळस आहे’ असे बोलले जाते आणि विषय संपतो. तो तेथे संपू नये, यासाठी आजचे हे विवेचन आहे. त्यातील मुख्य मुद्दा एकच आहे. नैराश्याचा आजार माणसाच्या ठायी असतो. पण त्यातून बरे होण्याची वाट त्याच्या घरातून, गल्लीतून आणि कामाच्या ठिकाणावरून जाते. ती वाट अडलेली असेल तर एकटे औषध पुरे पडत नाही.

प्रथम काही गैरसमज दूर केले पाहिजेत. नैराश्य म्हणजे नेहमीचे दुःख नव्हे. दुःखात माणूस रडतो, जवळच्यांशी बोलतो आणि हळूहळू सावरतो. नैराश्याच्या आजारात दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ मन जवळजवळ सतत खिन्न असते किंवा कशातच रस वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते, थकवा जात नाही, लक्ष लागत नाही, स्वतःला दोष देण्याची सवय जडते आणि पुष्कळांच्या मनात मरणाचे विचार येऊ लागतात. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो, शरीराचाही असतो. औषधांचा आणि समुपदेशनाचा उपयोग होतो, हे निर्विवाद आहे.

त्यामुळे तीन उत्तरे सारखीच चुकीची ठरतात. ‘मन घट्ट कर, लावून घेऊ नकोस’ हे पहिले. पाय मोडलेल्याला धाव म्हणण्यापैकीच हे आहे. ‘बाहेरची बाधा आहे, देवऋषीला दाखवा’ हे दुसरे. तिसरे उत्तर पुरोगामी वर्तुळात ऐकू येते: ‘हे सारे व्यवस्थेचे पाप आहे, व्यवस्था बदलली की हेही जाईल.’ व्यवस्थेचे पाप खरे आहे. परंतु जिला आज रात्री झोप येत नाही, तिला व्यवस्था बदलेपर्यंत थांबायला सांगणे ही विचारनिष्ठा नव्हे, निष्ठुरता होय. शिवाय गरीब वस्तीतील प्रत्येकाला हा आजार होत नाही, आणि सुखवस्तू घरेही त्यातून सुटत नाहीत. म्हणून परिस्थितीचा परिणाम नेमका कोठे आणि कसा होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मारिएनथाल ते कॅम्बरवेल

समाजवादी चळवळीला या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गिरणीगाव होते. १९२९-३० मध्ये तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. पॉल लाझर्सफेल्ड यांच्या मनात कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करावा असे होते. सोशल डेमोक्रॅट नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुचवले की अभ्यास बेकारीचाच करावा. मारी याहोदा, लाझर्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या गटाने तेथे जाऊन जे पाहिले, ते १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

बेकारीने माणसे पेटून उठतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. दिसले ते उलटच. पुरुषांच्या हाती दिवसभर वेळ होता, तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. अभ्यासकांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली; पुरुष सावकाश चालत आणि मध्येच थांबून राहत. स्त्रियांच्या पाठीशी घरकाम होतेच, म्हणून त्या भरभर चालत. बेकारांसाठी सवलतीचा दर असूनही पक्षाच्या दैनिकाचे वर्गणीदार निम्म्याहून अधिक घटले. या गावाला अभ्यासकांनी ‘थकलेला समाज’ म्हटले. कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचा धडा असा की हालअपेष्टा आपोआप लढाऊपणा निर्माण करीत नाहीत. पुष्कळदा त्या माणसाची कंबर मोडतात, आणि मोडलेल्या कंबरेने मोर्चात चालता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपाची आणि त्यानंतरच्या गिरणीबंदीची आर्थिक मीमांसा पुष्कळ झाली. गिरणगावातल्या घराघरांतून त्यानंतर जी शांतता पसरली, तिचा हिशेब त्या मानाने थोडाच मांडला गेला.

मारिएनथालमध्ये आजाराचे निदान झाले नव्हते. सामाजिक मनःस्थितीचे वर्णन झाले होते. आजार आणि परिस्थिती यांचा सांधा पुढे लंडनमध्ये अधिक काटेकोरपणे तपासला गेला. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी कॅम्बरवेल या भागातील ४५८ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक स्त्रियांच्या नैराश्याआधी एखादा मोठा आघात किंवा दीर्घकाळची विवंचना आढळली: मृत्यू, ताटातूट, नवऱ्याची नोकरी जाणे, राहण्यालायक नसलेले घर. पण आघात झालेल्या सगळ्याच स्त्रिया आजारी पडल्या नव्हत्या. ज्या पडल्या त्यांच्या बाबतीत चार गोष्टी वारंवार दिसल्या. मन मोकळे करावे असे जवळचे माणूस नव्हते. घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले होती. घराबाहेर काम नव्हते. आणि वयाच्या अकरा वर्षांपूर्वीच आईचे छत्र हरपले होते. पुढच्या अभ्यासांत या चारही बाबी सर्वत्र सारख्याच आढळल्या नाहीत. परंतु मनातले बोलावे असे माणूस असणे वा नसणे याचे महत्त्व पुनःपुन्हा सिद्ध झाले. कामगारवर्गातील स्त्रियांना, विशेषतः पदरी मुले असणाऱ्यांना, हा आजार मध्यमवर्गीय स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होता, हेही या अभ्यासाने पुढे आणले.

आजाराला उतार कशाने पडतो?

माणसे आजारी का पडतात हे कळले, तरी ती बरी कशी होतात हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि कार्यकर्त्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या स्त्रियांपैकी ज्या बऱ्या झाल्या, त्यांच्या आयुष्यात त्याआधी बहुधा काहीतरी बदललेले होते, असे ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. जुनी विवंचना मिटली होती किंवा ‘नवा प्रारंभ’ म्हणता येईल अशी घटना घडली होती. बऱ्याच काळाच्या बेकारीनंतर काम मिळणे, राहायला धड घर मिळणे, तुटलेला संबंध जुळणे अशा या घटना होत्या. कधी हा प्रारंभ क्लेशदायकही असे. जाचक संसारातून बाहेर पडणे हे त्याचे उदाहरण. मर्म एवढेच की उद्याचा दिवस आजच्यासारखाच नसेल, अशी आशा धरायला जमिनीवरचे एखादे कारण मिळत होते.

याच अभ्यासकांनी पुढे एक साधा प्रयोग केला. लंडनच्या आतल्या भागातील, दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या ८६ स्त्रिया निवडून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील प्रत्येकीशी एका स्वयंसेविकेची गाठ घालून दिली. तिने आठवड्यातून निदान एक तास भेटायचे, बोलायचे, बरोबर बाहेर जायचे, अडीनडीला हाताशी असायचे. दुसऱ्या गटाला वर्षभर वाट पाहायला सांगितले. वर्षाअखेरीस सोबत मिळालेल्या गटात ६५ टक्के स्त्रियांना उतार पडला होता. दुसऱ्या गटात ३९ टक्के. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यातही ज्यांच्या आयुष्यात नवा प्रारंभ घडला त्यांना उतार पडण्याचा संभव अधिक होता, आणि ज्यांच्यावर मध्येच नवा आघात कोसळला त्या मागे राहिल्या.

हा आकडा नीट वाचला पाहिजे. सोबत न मिळताही काहीजणी सुधारल्या, आणि सोबत मिळूनही काहीजणींना उतार पडला नाही. सोबत हा रामबाण उपाय नव्हे. पण आठवड्यातला एक तास, तोही सातत्याने, एवढे काम करू शकतो हे ज्याला पटले, त्याला ‘आम्ही काय डॉक्टर आहोत?’ असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही.

वस्ती: आधार आणि आघात

सोबतीचे माणूस मिळणे हे पुष्कळ अंशी माणूस कोठे राहतो यावर अवलंबून असते. मायकेल यंग आणि पीटर विलमॉट यांनी १९५७ साली पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या कामगारवस्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. लग्न झालेली लेक आईच्या हाकेच्या अंतरावर राहत असे. मूल आजारी पडले, पैसे कमी पडले, भांडण झाले की आईचे घर जवळ होते. दूरच्या नव्या वसाहतीत हलवलेल्या कुटुंबांना घर हवेशीर मिळाले, न्हाणीघर मिळाले. पण आई, बहीण आणि ओळखीचा रस्ता मागे राहिला. दुपारच्या वेळी बायका घरात एकट्या पडल्या. त्या अभ्यासात आजाराचे मोजमाप नव्हते, परंतु माणूस हलवताना त्याचे काय हलवायचे राहून जाते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

याच्या उलट बाजूची साक्ष अमेरिकेतून मिळते. १९९४ पासून बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या शहरांत ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ नावाचा सरकारी प्रयोग झाला. अतिदरिद्री वस्त्यांतील सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांतून काहींना चिठ्ठी पद्धतीने भाड्याची मदत दिली गेली. त्यांपैकी एका गटावर अट होती की कमी दारिद्र्याच्या भागातच घर घ्यावे. वस्ती सोडावीशी वाटण्याचे बहुसंख्य कुटुंबांनी दिलेले कारण पगार किंवा शाळा हे नव्हते. टोळ्या आणि मादक पदार्थ यांचे भय हे होते. दहा ते पंधरा वर्षांनी पाहणी झाली तेव्हा हलणाऱ्या प्रौढांची कमाई वाढलेली नव्हती, पण त्यांची मनःस्थिती सुधारली होती. मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण घटले. मुलग्यांमध्ये मात्र ते वाढल्याचे आढळले.

या दोन साक्षी परस्परविरोधी नाहीत. वस्ती ही एकाच वेळी दोन गोष्टी असते: भय आणि आधार. भय मागे टाकून माणूस बाहेर पडला तर मन सुधारते. आधार तुटला तर मन खचते. म्हणूनच एकाच घरातल्या मुलीला आणि मुलग्याला स्थलांतर वेगवेगळे मानवते. घर बदलणे म्हणजे केवळ चौरस फुटांचा व्यवहार नव्हे.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, या विवेचनाला फार मोठा अर्थ आहे. रेल्वेरुळांच्या, नाल्यांच्या आणि जलवाहिन्यांच्या कडेच्या झोपड्या हटवून माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले जाते. तानसा जलवाहिनीलगतच्या अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुल येथे घरे देण्यात आली. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध तेथील रहिवासी लढले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर किंवा घरभाडे देण्याचा आदेश दिला. अशा प्रत्येक स्थलांतरात सरकारी कागदावर एका खोलीच्या बदल्यात एक खोली दिली जाते. धुणीभांड्याची चार कामे सुटतात, मूल सांभाळणारी शेजारीण सुटते, उधारीवर तांदूळ देणारा वाणी सुटतो, भिशी मोडते. या नुकसानीसाठी सरकारी कागदावर रकानाच नसतो. जी बाई आधीच खचलेली आहे, तिच्यासाठी हे सारे म्हणजे बरे होण्याची साधने एका दिवसात काढून घेणे होय.

गोवा आणि अमरावती

परदेशांतील अनुभव येथे लागू पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७० गरोदर स्त्रियांशी बाळंतपणानंतरही संपर्क ठेवण्यात आला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या, आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्यांच्या आजाराशी कशाचा संबंध होता? आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून घरात होणारी नाराजी. यांतील एकही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

परंतु गोव्यानेच पुढची वाटही दाखवली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी बारा सरकारी आरोग्यकेंद्रे आणि बारा खासगी दवाखाने घेऊन एक प्रयोग केला. त्यात समुपदेशक होत्या त्या स्थानिक पदवीधर स्त्रिया. मानसोपचाराची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, त्यांना यासाठी खास प्रशिक्षण देण्यात आले होते. त्या रुग्णाशी बोलत, आजार समजावून सांगत आणि गरजेनुसार डॉक्टरांकडून औषध सुरू होई. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत, जेथे अशा समुपदेशक होत्या तेथे सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जेथे नव्हत्या तेथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ज्या गरीब माणसाला सरकारी दवाखान्याच्या रांगेत डॉक्टरचे दोन मिनिटे मिळतात, त्यालाच ऐकून घेणाऱ्या माणसाचा सर्वाधिक उपयोग झाला, असा याचा अर्थ लावता येतो.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला हा मुलूख. गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते नेमून लोकांशी बोलणे सुरू झाले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. सेवा दारापाशी आली की लोक ती घेतात. लाज किंवा अंधश्रद्धा हेच एकमेव कारण असते तर असे घडले नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्यासारख्या आजारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, सरकारी खर्चाने चालणारी अशी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हक्क कागदावर आहे. तो आरोग्यकेंद्रापर्यंत आणणे हे काम शिल्लक आहे.

कार्यकर्त्याचे काम

यातून काही कर्तव्ये निघतात. पहिले, येईनासा झालेल्या साथीच्या घरी जावे, आणि त्याला सभेला आणण्यासाठी जाऊ नये. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जावे. कमी बोलावे, अधिक ऐकावे. उपदेश करू नये, आणि ऐकलेले शाखेत सांगू नये. मरणाचे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. असा विचार असेल तर माणसाला एकटे सोडू नये आणि तातडीने उपचारांपर्यंत न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरे, उपचारांना विरोध करू नये आणि त्यांत खंड पडू देऊ नये. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ते आपल्या मनाने बंद केले जाते. बसभाडे आणि बुडणारी मजुरी ही तपासणी चुकण्याची साधी कारणे असतात. ती कार्यकर्त्याला दूर करता येतात.

तिसरे, अडलेली एक गोष्ट हलवावी. सारे दारिद्र्य एका माणसाला दूर करता येत नाही. पण थकलेली मजुरी, अडकलेले रेशनकार्ड, संजय गांधी निराधार योजनेचा पडून राहिलेला अर्ज, मारहाणीविरुद्ध २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे करायची तक्रार यांपैकी एखादी गोष्ट मार्गी लावता येते. ज्याला ‘नवा प्रारंभ’ म्हटले, तो पुष्कळदा एवढ्याच आकाराचा असतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत खानावळवाल्या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे दार उघडून दिले. ते काम मानसिक आरोग्याचे म्हणून कोणी केले नव्हते. पण कर्जाचे ओझे हलके करणे आणि सोबतिणी मिळवून देणे, ही दोन्ही कामे त्यात होती.

चौथे, मागण्यांच्या यादीत भर घालावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रात स्थानिक, पगारी, प्रशिक्षित समुपदेशक असावी आणि औषधांचा साठा असावा. पुनर्वसन करताना एका गल्लीतील कुटुंबे एकत्र हलवावीत, आणि पाळणाघर व दवाखाना सुरू झाल्याशिवाय वस्ती हलवू नये. या मागण्या वेतनाच्या किंवा घराच्या मागणीपेक्षा दुय्यम नाहीत. त्याच मागण्यांचा तो राहून गेलेला भाग आहे.

शेवटी एक इशारा. समुपदेशक स्त्रियांना तुटपुंज्या मानधनावर राबवून सरकारने आपली जबाबदारी झटकावी, किंवा शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळावे असे म्हणून दवाखाने बंद करावेत, असा या विवेचनाचा अर्थ काढला जाऊ शकतो. त्याला ठाम विरोध केला पाहिजे. शेजार हा दवाखान्याला पर्याय नाही आणि दवाखाना शेजाराला पर्याय नाही. खचलेल्या माणसाला दोन्हींची गरज असते, आणि तिसरी गरज असते ती भाकरीची, छपराची आणि निर्भयतेची. या तिन्हींसाठी लढणारा आणि आठवड्यातला एक तास कोणाच्या तरी दारी बसून ऐकणारा कार्यकर्ता एकच असला पाहिजे.